सह्याद्रीची चूल

महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाचे काळ्या दगडाशी जन्माचे नाते असते. घराचे जोते काळ्या दगडाचे, जाते काळ्या दगडाचे, पाटा-वरवंटा काळ्या दगडाचा. वेरूळचे कैलास लेणे त्याच दगडात कोरलेले आणि रायगडही त्याच्यावरच उभा. हा कातळ इतका परिचयाचा, परंतु तो आला कोठून, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांना पडतो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘आपण मूळचे कुठले?’ असे कोणी विचारीत नाही, तशातलाच हा प्रकार!

माझ्या मेहुण्यांना मात्र हा प्रश्न रोज पडतो, कारण ते भूशास्त्राचे प्राध्यापक आहेत. २०२२च्या दिवाळीत फराळाला बसले असताना त्यांनी देवघरातले निरांजन पुढे ओढले, एक कोरा कागद घेतला आणि तो ज्योतीवर धरून हळूहळू पुढे सरकवला. कागदावर काळ्या डागांची ओळ उमटली.

“भाऊजी, पाहिलेत? ज्योत जागच्या जागी आहे. सरकतो तो कागद. हा पहिला मोठा डाग म्हणजे आपला दख्खन आणि हा शेवटचा ताजा डाग म्हणजे रेयुनियों बेट.”

“देवाच्या निरांजनावर प्रयोग नकोत हं!” आमच्या सौभाग्यवतींनी बजावले. पण प्रयोग माझ्या मनात शिरला तो शिरलाच.

त्याचा अर्थ असा. भूगर्भात खोलवर काही ठिकाणी उष्णतेचे झोत असतात, ते फारसे हलत नाहीत. वरचे भूपृष्ठ मात्र सरकत असते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली भारतभूमी अशाच एका झोतावर आली, तेव्हा लाव्ह्याचे पूर लोटले आणि थरावर थर साचून दख्खनचा कातळ झाला. आजही त्याने पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास मुलूख व्यापला आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन हजार मीटरांवर जाते. भूशास्त्रज्ञ त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. हा ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रापा’ म्हणतात, त्यावरून तो शब्द आला. घाटातून जाताना डोंगराला पडलेल्या पायऱ्या पाहाव्या, म्हणजे नाव पटते.

पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेला. मागे समुद्रात डागांची ओळ उमटली: लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस यांच्या पोवळ्यांखालचा पहाड. मधल्या काळात समुद्रतळही दुभंगला. मग दुभंगाच्या पलीकडे मॉरिशस झाले आणि सर्वांत शेवटी रेयुनियों. ज्या जाळाने आपला सह्याद्री घडविला, तोच जाळ मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून दूर या चिमुकल्या बेटावर अजून धगधगतो आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपल्या डोंगराची चूल अजून पेटती आहे आणि ती जाऊन पाहता येते! २०२३च्या मे महिन्यात, परीक्षांचे पेपर तपासून होताच, आम्ही निघालो. मंडळी चार: मी, सौभाग्यवती, मेहुणे आणि आमची बारा वर्षांची कन्या.

मुंबईहून मॉरिशस सहा तासांच्या विमानप्रवासावर आहे. तेथे वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात. त्यामुळे भाड्याची मोटार घेऊन मेहुणे निर्धास्तपणे निघाले. मॉरिशसचे वय ऐंशी-नव्वद लाख वर्षे. तेथील ज्वालामुखी आता शांत आहेत. क्युरपिप गावात त्रू-ओ-सेर नावाचे जुने ज्वालामुख आहे, त्याच्या काठाने लोक सकाळी फिरायला येतात. आत झाडी माजली आहे आणि तळाशी पाणी. गंगा तलावही अशाच विझलेल्या मुखात साठलेला. आता त्याच्या काठी देवळे आहेत, घंटा वाजतात. जाळ गेला आणि तीर्थ झाले.

पण मॉरिशसमध्ये मला अधिक बोलले ते उसाच्या फडांतले दगड. रस्त्याने जाताना हिरव्या उसाच्या मध्ये मध्ये काळ्या धोंड्यांचे मोठाले ढीग दिसतात, काही तर व्यवस्थित रचलेले, पायऱ्यापायऱ्यांचे. कन्येने विचारले, “मामा, हे किल्ले कोणाचे?” मेहुण्यांनी मोटार बाजूला घेतली आणि माझ्याकडे पाहिले. दगडाचे उत्तर त्यांच्याकडे होते, पण ढिगाचे उत्तर इतिहासाचे होते.

ही जमीन लाव्ह्याची. तिच्यात ऊस लावायचा तर आधी धोंडे वेचून काढायला हवेत. ते काम पूर्वी गुलामांच्या आणि पुढे हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांच्या हातांनी झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून अशा मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईला उतरली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे आली. ते ज्या धक्क्यावर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. या माणसांत आपल्या रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची माणसेही होती. काळ्या कातळावर जन्मायचे, समुद्र ओलांडायचा आणि पुन्हा त्याच जाळाने घडविलेले काळे धोंडे उचलायचे! आपण एकाच चुलीच्या दोन टोकांना राबतो आहोत, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक असायचे कारण नव्हते.

त्यांचे पणतू-खापरपणतू आज तेथे मानाने नांदताहेत. गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती पुढेही शिकविली जाते. एका लहानशा गणपतीच्या देवळात आम्हांला एक आजोबा भेटले. वय ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या पणजोबांचे पाळण्यातले नाव हेच आता त्यांच्या घराण्याचे आडनाव झाले होते. त्यांनी गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली, एक अक्षर इकडचे तिकडे नाही. आरती झाल्यावर मी सहज विचारले, “आपल्याला मुले किती?” तेव्हा मात्र ते अडखळले. बोटांनी चार दाखविली आणि पुढचे सारे क्रिओल भाषेत सांगितले. क्रिओल हीच तिथली घराघरांतली बोली. मराठी देवघरात राहिली होती, ओसरीवरून मात्र उतरून गेली होती.

निघताना त्यांनी एकेक शब्द जुळवीत मला विचारले, “तिकडे... तुमच्या घरी... अजून बोलतात?”

मी म्हटले, “बोलतात तर!”

त्यांनी कन्येकडे पाहून हाताने खूण केली, बोल. ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, “आजोबा, आम्ही आता जेवायला जाणार आहोत. तुम्ही पण चला ना.” साधे वाक्य. आजोबांनी डोळे मिटून ऐकले आणि पुन्हा एकदा म्हणायला लावले. भाषेचा अध्यापक म्हणून मी वीस वर्षे व्याख्याने देत आलो. परंतु मराठी वाक्य असे कानात साठवून घेणारा श्रोता मला वर्गात भेटला नव्हता.

जेवणात त्या दिवशी ‘ढोल पुरी’ होती. वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी आणि वर झणझणीत रस्सा. “ही तर तिखट पुरणपोळी!” असा निकाल सौभाग्यवतींनी दिला, आणि तो सर्वानुमते संमत झाला.

मॉरिशसहून रेयुनियों विमानाने पाऊण तास. बेट लहान, अडीच हजार चौरस किलोमीटरांचे, परंतु १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हाच. नाणे युरो आणि भाषा फ्रेंच. आमचे विघ्नपर्व येथून सुरू झाले. आम्ही उतरलो, तीन बॅगा उतरल्या. चौथी, म्हणजे जिच्यात सर्वांचे स्वेटर होते ती, विमान कंपनीच्या कृपेने कोठे तरी मागे राहिली. काउंटरवरच्या बाईंनी गोड हसून एक कागद दिला. “उद्या येईल,” एवढे कन्येच्या शाळेतल्या फ्रेंचने आम्हांला समजले.

दुसरे विघ्न मोटारीचे. येथे वाहने उजवीकडून चालतात आणि सुकाणू डाव्या हाताला. पुण्याच्या सवयीने मेहुणे वळणाच्या आधी दिव्याचा दांडा ओढायचे आणि लख्ख उन्हात काचेवरचे वायपर फटाफट नाचू लागायचे. मागचे लोक भोंगे वाजवीत. “मामा पुसतोय, म्हणजे आता वळणार,” असे कन्या जाहीर करी. एका वाटोळ्या चौकाला आम्ही तीन प्रदक्षिणा घातल्या. चौथीच्या आधी सौभाग्यवती म्हणाल्या, “अरे, देवळात तरी इतक्या घातल्यास का कधी?” त्या लाजेने मेहुण्यांना योग्य फाटा सापडला.

पूर्व किनाऱ्याने आम्ही सांत-रोझ भागात आलो. येथून पुढे तो ज्वालामुखी. नाव पितों द ला फुर्नेझ, म्हणजे भट्टीचे शिखर; उंची २,६३२ मीटर. जगातल्या अत्यंत जागत्या ज्वालामुखींपैकी हा एक, कित्येक वर्षी दोन-दोन, तीन-तीन वेळा उसळणारा. सुदैवाने त्याचा स्वभाव स्फोट करण्याचा कमी आणि उतू जाण्याचा अधिक. शिवाय लाव्हा बहुधा एका मोठ्या नालाकृती कोंडाळ्यातच राहतो. पण कधी कधी दूध पातेल्याबाहेर जावे तसे होते. एप्रिल १९७७ मध्ये तसेच झाले. लाव्हा कोंडाळ्याबाहेर फुटला आणि पितों सांत-रोझ गावावर आला. गाव रिकामे केले होते, घरे मात्र गेली. रस्ता ओलांडून तो चर्चच्या दाराशी आला, उंबऱ्याशी थबकला आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे गेला. ते चर्च आजही उभे आहे. नाव ‘नोत्र दाम दे लाव’, लाव्ह्याची माउली. दाराच्या दोन्ही अंगांना तो काळा थिजलेला लोट अजून आहे. मेहुण्यांनी उताराचा नि भिंतीचा विचार सांगायला सुरुवात केली. सौभाग्यवतींनी वाकून उंबऱ्यावर एक फूल ठेवले. दोघांचेही मला पटले.

पुढे दहाएक किलोमीटर रस्ता थेट लाव्ह्यावरून जातो. या भागाला ‘ग्रां ब्रुले’, थोरले जळके रान, म्हणतात. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला समुद्र आणि मध्ये डोंगरातून समुद्रात उतरलेले काळे पाट. रस्त्याच्या कडेला प्रत्येक पाटाशी त्याच्या सालाची पाटी. आपल्याकडे मैलांचे दगड असतात, येथे सालांचे! जुन्या पाटांवर झाडी आहे, मधल्यांवर नेचे, आणि ताज्यांवर नुसती राखाडी बुरशीसारखी नक्षी. सौभाग्यवतींनी खाली उतरून ती निरखली आणि ओरडल्याच, “अहो, हे तर आपले दगडफूल!”

“त्याचे चुलतभावंड म्हण, ताई,” मेहुणे म्हणाले. “थिजलेल्या लाव्ह्यावर सर्वांत आधी हेच येते. ते दगड कुरतडते, मग माती, मग नेचे, मग झाड. आपल्या कपाशीची काळी जमीनही याच जातीच्या कातळाची झालेली आहे.” गोड्या मसाल्यातला घटक एवढीच ज्याची आम्हांला ओळख, तो सृष्टीचा पहिला वतनदार निघाला.

तेवढ्यात पाऊस आला आणि पावसाबरोबर पंक्चर. पाटी होती २००७ सालची. डिकी उघडली तर स्टेपनीच नाही! तिच्या जागी औषधाची असावी तशी एक बाटली, एक छोटा पंप आणि फ्रेंचमध्ये छापलेले पत्रक. पाऊस असा की बोलायची सोय नाही. मेहुण्यांनी त्यातही माहिती दिली, “याच डोंगराच्या अंगावर फोक-फोक येथे ७ आणि ८ जानेवारी १९६६ला चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला. जगाचा विक्रम! पुण्यात दोन वर्षांत मिळूनही सरासरी एवढा पडत नाही.” त्यांची बहीण म्हणाली, “विक्रम राहू दे. अंधार पडतोय.” ते खरेच होते. दोन्ही बाजूंना काळा खडक, माणसाची चाहूल नाही, आणि कुडकुडणारी पोर. त्या वेळी मला त्या डोंगराची पहिल्यांदा भीती वाटली.

अर्ध्या तासाने भाजीचा एक टेम्पो थांबला. चालक तेथल्या मलबार मंडळींपैकी, म्हणजे तमिळ मजुरांच्या वंशातला. काचेपाशी मुरुगनाचे चित्र. त्याने पत्रक वाचले, बाटलीतले औषध चाकात सोडले, पंप लावला, आणि वीस मिनिटांत चाक उभे केले. तोवर कन्येच्या मोडक्या फ्रेंचवर संभाषण चालले होते. तो पुढच्याच वस्तीतला. एप्रिल २००७ मध्ये लाव्ह्याचा प्रचंड लोट त्याच्या वस्तीशेजारून समुद्रात गेला, हा रस्ता गाडला गेला, आणि शिखरावरचे मुख तीनशे मीटरांहून अधिक खोल खचले. वस्ती रिकामी करावी लागली. लोट इतका जाड होता की पुढे कित्येक वर्षे पावसात त्यातून वाफा निघत.

“मग परत का आलात?” असे कन्येने विचारले.

तो हसला, ओल्या जमिनीवर पाय आपटला आणि म्हणाला, “मों काझ!” माझे घर. पैसे त्याने घेतले नाहीत, पण चिवड्याची पिशवी घेतली. पुढची दहा मिनिटे तो आमच्यापुढे दिवे लावून सावकाश चालला.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर. बूर-मुरा गावापासून वीस-बावीस किलोमीटर जंगलाचा रस्ता, मग ‘वाळूचे पठार’: लालसर काळे, ओसाड, चंद्रावर आल्यासारखे. तेवढ्यात धुके उतरले. मोटारीचे नाकही दिसेना. मी खाली उतरून पांढरा रुमाल हलवीत पुढे चाललो आणि मागून मेहुणे मोटार हाकीत आले. अंगात स्वेटर नाही. सौभाग्यवतींच्या दोन साड्या आम्ही शालींसारख्या गुंडाळल्या होत्या. कड्यावर पोचून दीड तास मोटारीत बसलो.

आणि मग वाऱ्याने पडदा ओढावा तसे धुके गेले. खाली तो अफाट खळगा, त्यात काळे, चकाकणारे, दोरखंडासारखे वळलेले पाट, आणि मध्ये तो सुळका, अगदी स्वस्थ. ना धूर, ना जाळ. कन्या जरा हिरमुसली. मी मात्र पाहतच राहिलो, कारण ते मला ओळखीचे वाटले. वाईहून पसरणीचा घाट चढताना जे कडे दिसतात, ते असेच, फक्त सहा कोटी वर्षांच्या पावसाने धुतलेले. घरातल्या म्हाताऱ्याचा बालपणीचा फोटो अचानक हाती यावा, तसे मला झाले.

तिसऱ्या दिवशी सिलाओसला गेलो. चारशेहून अधिक वळणांचा रस्ता, डोंगराच्या कुशीतले गाव. रात्री दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि आम्ही एक दिवस अडकलो. सिलाओस हे नाव मादागास्करच्या भाषेतल्या ‘जेथून कोणी जात नाही’ अशा अर्थाच्या शब्दावरून आले असे सांगतात. पूर्वी पळून आलेले गुलाम येथे लपत. अडकल्याचे दुःख मात्र झाले नाही. येथली मसूर प्रसिद्ध आहे. घरमालकीणबाईंच्या चुलीवर सौभाग्यवतींनी तिचे वरण केले आणि बाईंनी त्याबरोबर ‘आशार’ वाढले. शब्द ऐकताच मी ताठ बसलो. तो आपला ‘आचार’च, लोणचे! जाणाऱ्या माणसांबरोबर ते बरणीतून गेले आणि फ्रेंचांच्या ताटात जाऊन बसले.

परतीच्या दिवशी विमानतळावर स्वेटरांची बॅग आमची वाट पाहत होती. खरा घाव पुढे बसला. आम्ही घरी आलो आणि २ जुलै २०२३ रोजी ज्वालामुखी जागा झाला, तो १० ऑगस्टपर्यंत वाहत राहिला. मेहुणे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

ज्यांना जायचे असेल त्यांनी स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवावे, मोटार घेताना स्टेपनी आहे का ते विचारावे, चिवडा भरपूर न्यावा आणि डोंगरावर भल्या पहाटे पोचावे. एवढे सांभाळले की उरलेली विघ्ने ही पुढे सांगायच्या गोष्टी होतात.

मला त्या प्रवासातून एक गोष्ट मात्र अधिक मोलाची मिळाली. जमीन चुलीवरून सरकली की तिथला जाळ संपतो. आमचा सह्याद्री कधीच थंड झाला. माणसाचे तसे नसते. पूर्वी आपल्याकडे चूल विझली तर शेजारून खापरीत विस्तव आणीत. रत्नागिरीची ती माणसे असाच विस्तव घेऊन समुद्रापार गेली. दीडशेहून अधिक वर्षे, दिवसभर धोंडे उचलून, त्यांनी तो आरतीपुरता का होईना पण जपला. आम्हांला काही उचलावे लागले नाही. आमची चूल घरातच आहे, आणि ती रोज फुंकावी लागते एवढेच.

या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती घरची मंडळी जमतील, तेव्हा त्या आजोबांचा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घराला विचारून पाहावा: तुमच्या घरी अजून बोलतात?